खाऊच्या पुडीतला दस्तऐवज

माझ्या आजोळच्या घरी देवघराच्या भिंतीवर श्रीकृष्णाचे एक रंगीत चित्र लाकडी चौकटीत बसविलेले आहे. कदंबाचे झाड, गाय, ओठाशी धरलेली बासरी आणि मागे यमुनेचा निळा पट्टा, असा त्याचा थाट. हे चित्र कोणी पैसे देऊन आणलेले नव्हे. पणजोबांचे कापडाचे दुकान होते आणि विलायती गिरण्यांतून जे तागे येत त्यांवर अशी चित्रे चिकटवलेली असत. व्यापारी मंडळी त्यांना ‘तिकीट’ म्हणत. गिरणीचे इंग्रजी नाव गिऱ्हाइकाला वाचता येत नसे. परंतु बासरीवाल्या कृष्णाचे कापड हवे, गजलक्ष्मीचे हवे, असे तो बिनचूक सांगे. तागा विकून संपला की तिकीट दुकानातच उरे. त्यांतले एक पणजीने उचलून देवघरात लावले आणि त्या दिवसापासून जाहिरातीचा तो कागद आमच्या घरचा देव झाला.

चित्राच्या तळाशी एक अरुंद पट्टी होती. तिच्यावर गिरणीचे नाव, काही आकडे आणि कापडाची वारांतली लांबी छापलेली होती. मी कायद्याच्या महाविद्यालयात शिकत असताना एका चवथीच्या आधी देवघराची रंगरंगोटी निघाली आणि जुनी चौकट बदलून आणण्याचे काम माझ्याकडे आले. देवाच्या पायांखाली गिरणीचे नाव शोभत नाही, असे माझ्या तरुण डोक्याने ठरविले आणि चौकटवाल्याकडून मी ती पट्टी कापून टाकविली. चित्र खरोखरच अधिक देखणे दिसू लागले. घरातल्या सर्वांनी माझे कौतुकही केले.

या गोष्टीची टोचणी मला पुष्कळ वर्षांनी, आणि तीही अमेरिकेतील एका खाऊच्या पुडीमुळे लागली. ती हकीकत वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मक्याच्या लाह्या, भुईमुगाचे दाणे आणि उसाच्या मळीचा पाक या तीन वस्तू एकत्र घोटून केलेला खाऊ म्हटले, तर आपल्या जत्रांतून हिंडलेल्या कोणाही माणसाला तो परका वाटू नये. आपल्याकडे गूळ आणि आले घातलेले खाजे आहे, लाह्यांचे लाडू आहेत, चिक्की आहे. अमेरिकेत या पदार्थाला ‘क्रॅकर जॅक’ असे नाव आहे. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो शहर आगीत जळाले. त्यानंतर उजाड झालेल्या त्या शहरात फ्रेडरिक रुकहाइम नावाचा एक जर्मन तरुण नशीब काढण्यास आला आणि लाह्या विकू लागला. पुढे त्याचा भाऊ लुई त्याला येऊन मिळाला. १८९३ साली शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरले तेथेही या भावांनी आपला माल विकल्याचे सांगतात. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांची वाणी घुमली. म्हणजे ज्या गर्दीने तो भगवा फेटा पाहिला, त्याच गर्दीच्या खिशांत या लाह्यांचे दाणे असणे अगदी शक्य आहे. पाकातल्या लाह्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होई. ही अडचण लुईने दूर केली आणि १८९६ साली ‘क्रॅकर जॅक’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. हेन्री एकस्टाइन या भागीदाराने मेणकागदाचे बंद वेष्टन शोधून काढल्यावर खाऊ दूरवर जाऊनही कुरकुरीत राहू लागला.

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. आपल्या चेंडूफळीशी त्याचे दूरचे नाते आहे. १९०८ साली या खेळावर एक गाणे निघाले. त्यात मैदानावर नेण्याचा आणि तेथे शेंगदाणे व क्रॅकर जॅक घेऊन देण्याचा हट्ट आहे. गाणे देशभर झाले आणि खाऊ व खेळ यांची गाठ कायमची पडली. १९१२ पासून प्रत्येक पुडीत मुलांसाठी एखादे क्षुल्लक बक्षीस घालण्याची प्रथा कंपनीने सुरू केली. शिट्टी, भिंगरी, बिल्ला असे काहीही त्यात निघे. अखेर १९१४ साली त्या पुडीतून बेसबॉलच्या खेळाडूंची रंगीत कार्डे निघू लागली.

खेळाडूंची चित्रे मालाबरोबर फुकट वाटण्याची कल्पना जुनीच होती. ती आधी तंबाखूवाल्यांची. १८८० च्या दशकापासून सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचे तुकडे घालीत. पाकीट चेपू नये हा एक लाभ आणि गिऱ्हाईक दुसऱ्या छापाकडे वळू नये हा दुसरा. परंतु सिगारेटचे पाकीट हे बापाचे, आणि त्यातले चित्र मुलाच्या हाती पडले तर नशीब. खाऊच्या पुडीने हे मध्यस्थ दूर केले. मुलाचा पैसा, मुलाचा खाऊ आणि मुलाचेच चित्र, असा सरळ व्यवहार झाला.

१९१४ च्या संचात १४४ कार्डे होती. १९१५ च्या संचात ती १७६ झाली. कार्ड सव्वादोन इंच रुंद आणि तीन इंच उंच. कागद पातळ. खेळाडूच्या छायाचित्रावर रंग चढवून त्यामागे एकच भडक तांबडी पार्श्वभूमी दिलेली, आणि पाठीवर त्याची चार ओळींची हकीकत. शिळाछापाची जी कला या कार्डांमागे होती, तीच १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर पोहोचवीत होती. देवाला न पाहिलेल्या डोळ्यांना देव आणि खेळाडूला न पाहिलेल्या डोळ्यांना खेळाडू दाखविण्याचे काम दगडावरच्या रंगांनी दोन खंडांत एकाच काळात केले. चित्रवाणी नव्हती, नभोवाणीही घरोघर आली नव्हती. खेड्यातल्या मुलाने टाय कॉब किंवा होनस वॅग्नर हा पुरुष प्रथम पाहिला तो बहुधा या तांबड्या चौकोनातच.

दोन्ही वर्षांच्या कार्डांतला भेद संग्राहक एका दृष्टिक्षेपात ओळखतात. पाठीवर संचाची संख्या छापलेली असते. शिवाय १९१५ च्या कार्डाची पाठ उलटी छापलेली आहे, म्हणजे कार्ड बाजूने उलटले तर मजकूर डोक्यावर उभा दिसतो. क्रिस्टी मॅथ्यूसन हा विख्यात गोलंदाज १९१४ च्या कार्डावर चेंडू फेकताना दिसतो, तर १९१५ च्या कार्डावर त्याचा नुसता चेहरा आहे. तथापि खरा भेद निराळाच आहे. १९१४ ची कार्डे केवळ पुडीतूनच मिळत. लाह्यांच्या पाकात ती लडबडत, चुरगळत, आणि त्यांवर तपकिरी डाग पडत. १९१५ साली कंपनीने नवी सोय केली. पुडीतली शंभर कुपने पाठवावीत, किंवा एक कुपन आणि पंचवीस सेंट पाठवावेत, आणि सबंध संच टपालाने घरी यावा. त्यामुळे १९१५ ची कोरी करकरीत कार्डे आज बरीच आढळतात. १९१४ चे स्वच्छ कार्ड मात्र क्वचितच दिसते, आणि दिसले तर जाणत्याच्या मनात आनंदाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो.

मुलांनी या कार्डांचे काय केले असेल, हे सांगण्यास ग्रंथ नकोत. काडेपेट्यांवरची चित्रे आणि पुढे बबलगमच्या वेष्टनातून निघणारे क्रिकेटपटू ज्यांनी जमविले त्या माझ्या पिढीच्या वाचकांनी आपली दप्तरे आठवावीत. दोन सारखी निघाली की एक देऊन दुसरे घ्यायचे, हवे ते निघेपर्यंत पोटात नको असलेला खाऊ ढकलायचा, आणि शेवटी एके दिवशी आईने साफसफाईत सारे फेकून द्यायचे, हा क्रम सर्व देशांत सारखाच. जे टिकले ते आईच्या नजरेतून सुटले म्हणून टिकले.

येथवरची हकीकत केवळ गंमतीची झाली. माझे कुतूहल जागे झाले ते या कार्डांच्या पाठीवरील एका शब्दाने. खेळाडूंची चित्रे ‘अमेरिकन’, ‘नॅशनल’ आणि ‘फेडरल’ या तीन संघटनांतील आहेत, असे तो मजकूर सांगतो. पहिल्या दोन संघटना आजही नांदत आहेत. ही तिसरी कोठे गेली?

त्या काळी अमेरिकेतील प्रत्येक खेळाडूच्या करारात राखीव हक्काचे एक कलम असे. मुदत संपली तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. मालक त्याला दुसऱ्याला विकू शके, पण खेळाडू स्वतः होऊन दुसरीकडे जाऊ शकत नसे. ज्याला आपण वेठ म्हणू तिच्या बरीच जवळ जाणारी ही स्थिती होती. फरक एवढाच की पगार मिळे. १९१४ साली फेडरल संघटनेने आठ शहरांत संघ उभे केले, या कलमाला न जुमानता अधिक पगार देऊ केला आणि जुन्या संघांचे खेळाडू ओढून घेतले. शिकागोच्या संघासाठी त्या वर्षी बांधलेले मैदान आज रिगली फील्ड या नावाने प्रसिद्ध आहे. वॉल्टर जॉन्सनसारख्या अव्वल गोलंदाजाने १९१४ च्या अखेरीस या संघाशी करार केला आणि जुन्या मालकाने धावाधाव करून त्याला परत वळविला. चीफ बेंडर हा ओजिब्वे या मूळनिवासी जमातीचा गोलंदाज १९१४ च्या कार्डावर फिलाडेल्फियाचा म्हणून दिसतो, आणि १९१५ च्या कार्डावर तोच बाल्टिमोरच्या फेडरल संघाचा झालेला आहे. दोन पुड्यांतून निघालेली ही दोन कार्डे शेजारी ठेवली की एका औद्योगिक झुंजीचा सारा इतिहास समोर येतो.

त्या झुंजीचा शेवट न्यायालयात झाला. ५ जानेवारी १९१५ रोजी फेडरल संघटनेने शिकागोच्या संघीय न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. न्यायाधीश होते केनेसॉ माउंटन लँडिस. तेल कंपन्यांच्या मक्तेदारीवर कडक शिक्षा ठोठावणारा हा न्यायाधीश आपल्याला तातडीने न्याय देईल, असा दावेदारांचा होरा होता. लँडिस यांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे जानेवारीतच ऐकले आणि मग जवळजवळ अकरा महिने निकाल दिलाच नाही. स्वतः बेसबॉलचे भक्त असल्याने त्यांना खेळाच्या मंदिरावर घाव घालवेना. दरम्यान दावेदारांची थैली रिकामी होत गेली. डिसेंबर १९१५ मध्ये तडजोड झाली. काही मालकांना पैसे मिळाले, काहींना जुने संघ विकत घेण्याची मुभा मिळाली आणि फेडरल संघटना विसर्जित झाली. विलंबाने न्याय कसा मरतो याचे उदाहरण आम्हा वकिलांना शोधावे लागत नाही. पण निकाल न देणे हाच जेथे निकाल ठरला असे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

तडजोडीत बाल्टिमोरच्या संघाच्या पदरी समाधानकारक असे काही पडले नाही. त्याने वेगळा दावा लावला. १९१९ साली ज्यूरीने ८०,००० डॉलर नुकसान ठरविले. कायद्याप्रमाणे त्याची तिप्पट, म्हणजे २,४०,००० डॉलर, इतका हुकूमनामा झाला. अपिलात तो फिरला. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी एकमताचा निकाल लिहिला. त्याचा मथितार्थ असा की बेसबॉलचे सामने भरविणे हा ज्या त्या राज्यातला स्थानिक व्यवहार आहे, खेळाडू राज्याच्या सीमा ओलांडून जातात ही केवळ आनुषंगिक बाब आहे, म्हणून आंतरराज्य व्यापाराचा कायदा त्याला लागू होत नाही. ज्या खेळाच्या जोरावर शिकागोचा खाऊ देशभर विकला जात होता, तो खेळ कायद्याच्या दृष्टीने आंतरराज्य व्यापार नव्हता! हा अपवाद १९५३ साली कायम झाला आणि कर्ट फ्लड या खेळाडूच्या दाव्यात १९७२ साली, आता तो विसंगत आहे असे मान्य करूनही, पुन्हा कायम झाला. खेळाडूंची सुटका अखेर १९७५ साली एका लवादाच्या निर्णयाने झाली. फेडरल संघटनेने जे मागितले ते मिळण्यास साठ वर्षे लागली. तोवर तिच्या अस्तित्वाची रंगीत साक्ष मुलांच्या डब्यांत पडून होती.

या संचातले १०३ क्रमांकाचे कार्ड जो जॅक्सन याचे आहे. क्लीव्हलँडचा हा अक्षरशत्रू तरुण फलंदाजीत अद्वितीय होता. पुढे तो शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघात गेला, आणि १९१९ ची अंतिम मालिका जुगाऱ्यांचे पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून त्याच्यासह आठ जणांवर आरोपपत्र दाखल झाले. पाच हजार डॉलर आपल्या हाती आल्याचे त्याने चौकशीत कबूल केले होते. मात्र मैदानावरची त्याची कामगिरी त्या मालिकेत उत्कृष्ट होती. ऑगस्ट १९२१ मध्ये ज्यूरीने खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलच्या आयुक्ताने त्यांना तहहयात बहिष्कृत केले. तो आयुक्त म्हणजे तेच लँडिस. न्यायालयाने सोडावे आणि ज्ञातीने वाळीत टाकावे, हा प्रकार ग्रामण्यांचा इतिहास ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो त्या आपल्या वाचकांना अपरिचित नाही. जॅक्सन १९५१ साली वारला. त्याच्यावरचा बहिष्कार मे २०२५ मध्ये उठविण्यात आला. बहिष्कार मृत्यूबरोबर संपतो, असे त्या वेळच्या आयुक्ताने ठरविले. खाऊच्या पुडीतला जॅक्सन मात्र सारा काळ पंगतीत होता. त्याच्या तांबड्या पार्श्वभूमीवर कोणताही आरोप नाही, कारण कार्ड छापले तेव्हा आरोपच नव्हता. पुढचे ठाऊक नसलेला साक्षीदार मागचे किती निर्मळपणे सांगतो!

साक्षीदार जे सांगतो तेवढेच महत्त्व त्याच्या मौनालाही असते. १७६ कार्डे ओळीने मांडली तरी त्यांत एकही कृष्णवर्णी खेळाडू आढळत नाही. कोठल्याही नियमपुस्तकात बंदी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मालकांच्या आपसांतल्या समजुतीने तो दरवाजा बंद झाला होता. ज्या शिकागोत ही पुडी बांधली जात होती, त्याच शिकागोत रूब फॉस्टर या कृष्णवर्णी गोलंदाजाने ‘अमेरिकन जायंट्स’ हा बलाढ्य संघ उभारला होता. १९१४ साली त्यात जॉन हेन्री लॉइड खेळत होता. जाणकार त्याची तुलना थेट वॅग्नरशी करीत. वॅग्नरला ६८ क्रमांकाचे कार्ड मिळाले. लॉइड पुडीत आला नाही. त्याच शहरातील कृष्णवर्णी मुलेही तोच खाऊ त्याच पैशाने घेत असणार, आणि त्यातून निघणाऱ्या चेहऱ्यांत आपल्यासारखा एकही चेहरा नाही हे त्यांच्या बालमनाला कळत असणार. देवळाच्या पायरीबाहेर किती पिढ्या उभ्या ठेवल्या याचा हिशेब ज्या समाजाला द्यावा लागला, त्या आपल्या समाजाने दुसऱ्याच्या या रिकाम्या जागेकडे बोट दाखविताना नम्र असावे हे बरे.

परंतु १३३ क्रमांकाचे कार्ड पाहावे. सेंट लुईच्या संघाचा तरुण व्यवस्थापक ब्रँच रिकी त्यावर आहे. हा गृहस्थ मिशिगन विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर. एकतीस वर्षांनंतर, १९४५ साली, ब्रुकलिन संघाचा सूत्रधार असताना याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूशी करार केला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरला. ज्या संचात दरवाजा बंद दिसतो, त्याच संचात तो पुढे उघडणारा मनुष्यही इतरांसारखाच निमूट बसलेला आहे. कार्ड छापणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच या योगायोगाला मी इतिहासाची सहज साक्ष म्हणतो.

या कार्डांना कचऱ्यातून उचलून ग्रंथालयाच्या योग्यतेला नेण्याचे श्रेय मुख्यतः एका सामान्य माणसाचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे जेफरसन बर्डिक नावाचा एक अविवाहित गृहस्थ विद्युत् उपकरणांच्या कारखान्यात काम करी. संधिवाताने त्याचे सांधे आखडत चालले होते. मालाबरोबर फुकट मिळणारी कार्डे, तिकिटे, लेबले तो जमवी आणि त्यांची पद्धतशीर सूची करी. ती सूची १९३९ पासून निघू लागली. तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, जुन्या मिठाईच्या कार्डांना ‘ई’, अशी अक्षरे त्याने दिली. क्रॅकर जॅकचा संच ‘ई १४५’ झाला आणि जगभरचे संग्राहक त्याला आजही याच क्रमांकाने ओळखतात. १९४७ पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देऊन टाकण्यास आरंभ केला. एकंदर तीन लाखांहून अधिक नग, त्यांत तीस हजारांहून अधिक बेसबॉलची कार्डे. नुसते देऊन तो थांबला नाही. वाकड्या झालेल्या बोटांनी एकेक कार्ड वहीत चिकटविण्यासाठी तो वर्षानुवर्षे त्या संग्रहालयात बसत असे. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले आणि मार्चमध्ये तो मृत्यू पावला. त्याने कार्डांची किंमत कधी पैशात मोजली नाही. राजेरजवाड्यांची चित्रे ज्या छताखाली आहेत त्याच छताखाली मुलांच्या खाऊतली चित्रे ठेवण्याचा हट्ट त्याने शेवटास नेला.

त्याच्यानंतर बाजार आला. जॅक्सनच्या कार्डाचे मोल आज घरादाराच्या किमतीइतके होऊ शकते, आणि जेथे मोल तेथे लबाडी. वॅग्नरचे एक तंबाखूचे कार्ड याची साक्ष देते. १९०९ ते १९११ च्या दरम्यान निघालेल्या संचातून आपले चित्र काढून घेण्यास वॅग्नरने भाग पाडल्यामुळे ते दुर्मीळ झाले. त्यातल्या सर्वोत्तम समजल्या गेलेल्या प्रतीला १९९१ साली ४,५१,००० डॉलर आणि २००७ साली २८ लाख डॉलर किंमत आली. कडा धारदार, कोपरे काटेकोर. प्रतवारी करणाऱ्या तज्ज्ञांनी तिला वाखाणले होते. आणि २०१३ साली, जो लिलावदार पूर्वी तिचा मालक होता त्याने शिकागोच्या संघीय न्यायालयात कबूल केले की ते कार्ड सुंदर दिसावे म्हणून आपणच त्याच्या कडा कापल्या होत्या.

ही ओळ वाचली तेव्हा मला माझ्या आजोळचे देवघर आठवले.

वकिलाला आपल्या धंद्यात एक गोष्ट लवकर उमगते. पुरावा म्हणून मुद्दाम तयार केलेल्या कागदाकडे न्यायाधीश संशयाने पाहतो. जो कागद वेगळ्याच कामासाठी सहज लिहिला गेला त्याच्यावर तो अधिक विसंबतो. दुकानदाराच्या रोजच्या वहीला म्हणूनच मान आहे. तसेच, तीस वर्षे जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर त्याची सत्यता गृहीत धरता येते, हे तत्त्व आपल्याकडील १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे. योग्य ताबा म्हणजे कागद जेथे स्वाभाविकपणे असावा ती जागा. १९१४ च्या कार्डावरचा पाकाचा डाग हा अशा ताब्याचा दाखला आहे. हे कार्ड पुडीत होते, लाह्यांत होते, एका मुलाच्या चिकट बोटांत होते, असे तो डाग सांगतो. तो पुसणे म्हणजे साक्षीदाराची जीभ कापणे. आणि कडा कापणे म्हणजे दस्तऐवजावरची तारीख व सही फाडून उरलेला कागद न्यायालयात हजर करणे.

त्या लिलावदाराने पैशासाठी कडा कापल्या. मी भक्तीच्या नावाखाली कापल्या. परिणामात फारसा फरक नाही. ती पट्टी असती तर ते कापड कोणत्या गिरणीचे, हे आज सांगता आले असते. पणजोबांचा व्यापार कोणाशी होता याचा दुवा मिळाला असता. एखाद्या परदेशी कारखानदाराने आमचा कृष्ण आपल्या मालावर छापला आणि आमच्या पणजीने तो त्याच्याकडून शांतपणे काढून घेतला, ही गोष्ट कागदावर सिद्ध करता आली असती. आता ती केवळ माझ्या शब्दावर उभी आहे, आणि माझी साक्ष तर हितसंबंधी माणसाची.

आपल्या घरांच्या माळ्यांवर, देवस्थानांच्या कचेऱ्यांत, बंद पडलेल्या दुकानांच्या फळ्यांवर असे कितीतरी कागद आहेत. जत्रेची हस्तपत्रके, नाटकांच्या जाहिराती, उदबत्तीची वेष्टने, काडेपेट्यांचे छाप, भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिका. त्यांना कोणी दस्तऐवज म्हणत नाही, म्हणून त्यांत कोणी खोटे लिहिलेले नाही. चवथीच्या आधी घरे झाडली जातील तेव्हा त्यांतला एखादा हाताशी आला, तर वाचकांनी तो फेकू नये, आणि सुशोभितही करू नये. डागासह, दुमडलेल्या कोपऱ्यासह, तळच्या पट्टीसह तो एका पाकिटात घालून, कोठे व कोणाकडे मिळाला एवढे पाकिटावर लिहून ठेवावे.

यंदाच्या चवथीला मी आजोळी गेलो होतो. समोर माटोळी बांधलेली होती आणि भिंतीवर तो कृष्ण नेहमीसारखा बासरी वाजवीत होता. चौकटीच्या मागे मी एक कागद चिकटविला आहे. हे चित्र कापडाच्या ताग्यावरील तिकीट आहे, अमुक घराण्याच्या दुकानातले आहे, आणि याची तळची पट्टी माझ्या सांगण्यावरून कापली गेली, असे त्यावर लिहून खाली सही व तारीख घातली आहे. पट्टी त्यामुळे परत येणार नाही. निदान ती होती, एवढे तरी पुढच्या पिढीला कळेल.